सतरा सप्टेंबर

सतरा सप्टेंबर : ग्रेगरियन दिनदर्शिकेप्रमाणे वर्षाचा २६० वा (लीप वर्षात २६१ वा) दिवस. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत तो भाद्रपद २६ असा येतो. महाराष्ट्रात ही तारीख मुख्यतः मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून परिचित आहे. १९४८ मध्ये या दिवशी हैदराबाद संस्थानचा अधिपती मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) याने भारतीय सैन्यापुढे शस्त्रसंधी जाहीर केली. याच तारखेस भारतात व भारताबाहेर इतर अनेक घटना घडल्या. काही थोर व्यक्ती जन्मल्या, काही निवर्तल्या. अशा घटनांचा परस्परांशी बहुधा काहीही संबंध नसतो. तथापि काही घटना तारीख पाहून, हेतुपूर्वक त्या दिवशी घडवून आणलेल्या असतात. दिनविशेषांच्या याद्यांत हे दोन्ही प्रकार एकाखाली एक येतात आणि योगायोग कोणता व निवड कोणती, हे वाचकास उमगत नाही. सतरा सप्टेंबरच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे, कारण मराठवाड्याने आपल्या मुक्तीचा म्हणून मानलेला दिवसही अनेक संभाव्य दिवसांतून निवडलेला आहे.

हैदराबाद हे क्षेत्रफळाने सु. २,१४,००० चौ. किमी. व लोकसंख्येने (१९४१) सु. १ कोटी ६३ लाख एवढे मोठे संस्थान होते. त्याचे तेलुगू, मराठी व कन्नड असे तीन भाषिक विभाग पडत. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मिळून मराठवाडा होई. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून चाले. संस्थानची हद्द अनेक ठिकाणी ब्रिटिश मुलखाला भिडलेली होती. गंगापूर तालुक्यातील वाळूज हे गाव औरंगाबादच्या नैर्ऋत्येस नगर रस्त्यावर आहे. हाच रस्ता पुढे कायगाव-टोके येथे गोदावरी ओलांडतो. नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे अहमदनगर जिल्हा, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान, अशी ती सीमा होती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पलीकडच्या तीरावर तिरंगा उभारला गेला. वाळूज, गंगापूर या बाजूस मात्र तो उभारणे पुढील तेरा महिने गुन्हाच राहिला.

संस्थानातील राजकीय जागृतीस या घटनेपूर्वीची दहा वर्षे विशेष कारणीभूत ठरली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होताच तिच्यावर बंदी घालण्यात आली आणि तिच्या कार्यकर्त्यांनी सत्याग्रह आरंभिला. त्याच वर्षी औरंगाबादच्या महाविद्यालयीन वसतिगृहात विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला आणि ती चळवळ उस्मानिया विद्यापीठात पोहोचली. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक होत. स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) हे लढ्याचे प्रमुख नेते होते. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत व अंबाजोगाईस शिक्षक म्हणून त्यांनी घडविलेल्या तरुणांतूनच मराठवाड्यातील कार्यकर्त्यांची पहिली फळी उभी राहिली. गोविंदभाई श्रॉफ (१९११–२००२), अनंत भालेराव (१९१९–९१) इत्यादींनी ती पुढे नेली.

जून १९४७ मध्ये निजामाने ब्रिटिशांच्या निर्गमनानंतर आपण स्वतंत्र राहणार असल्याचे घोषित केले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी त्याचा ‘जैसे थे’ करार झाला. पण तो उभयपक्षी समाधानकारक ठरला नाही. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा अध्यक्ष कासिम रझवी हा मूळचा लातूरचा वकील होता. त्याच्या नेतृत्वाखालील रझाकार या निमलष्करी दलाने खेड्यापाड्यांत दहशत माजविली. सीमेपलीकडे मनमाड, बार्शी, सोलापूर, उमरखेड या बाजूंस स्टेट काँग्रेसचे तळ उभे राहिले. तेथून कार्यकर्ते संस्थानात शिरत व नाकी, ठाणी यांवर हल्ले चढवीत. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवरचा प्रसिद्ध हल्ला ३० जानेवारी १९४८ चा, म्हणजे दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली त्याच दिवसाचा. एरव्ही देशभर गाजली असती अशी ही घटना त्या एका बातमीपुढे दिसेनाशी झाली. तारखांच्या योगायोगाचा असाही एक परिणाम असतो. लढ्यात गोविंदराव पानसरे (मृ. १९४६) यांच्यासारखे कार्यकर्ते बळी पडले. दगडाबाई शेळके यांच्यासारख्या ग्रामीण स्त्रियाही त्यात हिरिरीने उतरल्या होत्या. विलीनीकरणाचा उघड पुरस्कार करणारे ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात खून झाला. हा झगडा केवळ हिंदू-मुसलमानांचा नव्हता, हे त्यांच्या बलिदानावरून स्पष्ट होते. तेलंगणात याच काळात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता व तो १९५१ पर्यंत चालला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य फौज मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून नळदुर्गच्या मार्गाने निघाली, तर मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्यांकडे औरंगाबादची बाजू होती. संस्थानचा प्रश्न हा देशांतर्गत सुव्यवस्थेचा आहे, ही भारत सरकारची भूमिका असल्याने या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ असे नाव देण्यात आले. वस्तुतः तीत रणगाडे व विमाने वापरली गेली. संस्थानच्या सैन्याचा प्रतिकार दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच ढासळला. १५ सप्टेंबरपर्यंत औरंगाबाद भारतीय सैन्याच्या हाती आले होते. १७ रोजी सकाळी लायक अलीच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सायंकाळी निजामाने रेडिओवरून भाषण करून शस्त्रसंधी, रझाकारांवरील बंदी व भारतीय सैन्यास सिकंदराबादेत येण्याची मुभा जाहीर केली. रेडिओवरून प्रजेशी बोलण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती, असे सांगितले जाते. त्या दिवशी शुक्रवार होता. संस्थानचा सेनापती एल इद्रूस याने चौधरी यांच्यापुढे प्रत्यक्ष शरणागती पतकरली ती दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला.

यावरून १७ सप्टेंबर हा दिवस नेमका कशाचा, हा प्रश्न उपस्थित होतो. औरंगाबाद व त्याच्या आसपासच्या वाळूजसारख्या गावांपुरते पाहिले, तर निजामी अंमल व्यवहारात दोन दिवस आधीच संपला होता. सैनिकी दृष्टीने मोहीम १८ रोजी पूर्ण झाली. कायद्याच्या दृष्टीने पाहता भारताची राज्यघटना संस्थानास लागू होईल हे निजामाचे फर्मान २३ नोव्हेंबर १९४९ चे असून, २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हे भारतीय संघराज्यातील ‘ब’ वर्गाचे राज्य झाले. आणि त्याचा राजप्रमुख स्वतः निजामच होता. मराठवाडा मराठी भाषकांच्या मोठ्या प्रदेशाशी जोडला गेला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात, तर महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले १ मे १९६० रोजी. एवढ्या तारखांमधून सतरा सप्टेंबर रूढ झाली, याचे कारण तिच्या राजकीय वा कायदेशीर अर्थात नाही. सैन्य कोणत्या गावी केव्हा पोहोचले, हे त्या त्या गावापुरते खरे होते. निजामाची वाणी मात्र पाचही जिल्ह्यांत व त्यांपलीकडे एकाच सायंकाळी पोहोचली. सर्वांनी एकाच वेळी अनुभवलेला असा तोच एक क्षण होता. म्हणून ही निवड लोकांच्या स्मृतीने केली असे म्हणता येते, आणि ती चुकीची ठरविण्याचे कारण नाही. परंतु तीमुळे मुक्ती जणू एका भाषणाने मिळाली असा समज होतो. दहा वर्षांचा लढा आणि पुढील दीड-दोन वर्षांचे संक्रमण या दोहोंवर त्याने पडदा पडतो, हेही मान्य केले पाहिजे.

तारीख म्हणूनही ‘सतरा सप्टेंबर’ संस्थानच्या दप्तराला परकी होती. तेथील सरकारी कागदपत्रांवर फसली सन व आझूर, दै, बहमन इ. महिने लिहिण्याची वहिवाट होती. १९४७-४८ हे वर्ष तेथे १३५७ फसली होते. हा सन निजामाच्या भाषणाबरोबर संपला नाही. लष्करी प्रशासनाने ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी नष्ट करण्याचा जो विनियम केला, त्याच्या नावातही १३५८ फसली हेच वर्ष आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्याचा जमीन महसुलाचा कायदा तर १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अमलात येईपर्यंत तोच चालू राहिला. राज्य गेले, पण त्याचा कागद जवळजवळ दोन दशके टिकला.

या दिवसानंतरच्या घटनांची नोंद बराच काळ दबलेली राहिली. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड म्हणून, व काही ठिकाणी केवळ लुटीच्या लोभाने, सैन्याच्या आगमनानंतर अनेक जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार इत्यादींच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून पाहणी केली. मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत झाल्याचे तिला आढळून आले. आपल्या शेजाऱ्यांना संकटात आश्रय देणारे हिंदूही समितीस भेटले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित होता व अलीकडेच तो अभ्यासकांस पाहावयास मिळू लागला. मुक्तिसंग्रामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु उस्मानाबाद वा नांदेड जिल्ह्यातील एखाद्या घराण्यात सतरा सप्टेंबरचा उच्चार वेगळ्या स्वरात होत असेल, तर त्यामागील कारण इतिहासात आहे. अनंत भालेराव यांच्या ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ (१९८७) या ग्रंथात लढ्याचा प्रत्यक्ष सहभागी व्यक्तीने लिहिलेला विस्तृत वृत्तांत आहे.

जुन्या संस्थानचे तीन भाग आता तीन राज्यांत आहेत आणि या दिवसाला तिन्हीकडे निरनिराळी नावे आहेत. महाराष्ट्रात तो मुक्तिसंग्राम दिन आहे व मराठवाड्यातील जिल्ह्यांत शासकीय ध्वजवंदन होते. मूळचे पाच जिल्हे जालना (१९८१), लातूर (१९८२) व हिंगोली (१९९९) यांच्या निर्मितीनंतर आठ झाले आहेत. त्यांपैकी औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव असे २०२३ मध्ये झाले. कर्नाटकात या दिवसाचे पूर्वीचे नाव हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन असे होते. २०१९ पासून तेथे कल्याण कर्नाटक उत्सव होतो. तेलंगणात राज्य शासनाने २०२२ मध्ये तो राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून पाळला, तर केंद्र शासनाने त्याच शहरात, त्याच दिवशी हैदराबाद मुक्ती दिन साजरा केला. मुक्ती म्हणावे की विलीनीकरण, हा वाद शब्दांचा वाटला तरी लढा प्रजेने राजाशी दिला की राज्य राज्याला मिळाले, याविषयीचा तो आहे. ‘मुक्तिसंग्राम’ या मराठी संज्ञेत संग्राम हा शब्द असल्याने सैन्य येण्यापूर्वीच्या लढ्यालाही त्या दिवसात जागा राहते. तिन्ही नावांत ती अधिक समर्पक वाटते.

तारीख पाहून त्या दिवशी योजलेल्या घटनांत नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना (१७ सप्टेंबर १९९४) प्रथम सांगितली पाहिजे. औरंगाबादच्या विद्यापीठाचे विभाजन होऊन ते निर्माण झाले. तमिळनाडूत १७ सप्टेंबर १९४९ रोजी, हैदराबादच्या घटनेला बरोबर एक वर्ष झाले असता, सी. एन. अण्णादुराई यांनी द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष स्थापन केला. पण तेथे आठवण होती ती पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या जन्मदिवसाची. ज्या गुरूपासून आपण फुटून निघालो, त्याच्याच जन्मदिवशी नवा पक्ष काढण्याची ही घटना राजकारणात विरळा आहे.

पेरियार (१८७९–१९७३) यांचा जन्म ईरोड येथे झाला. महाराष्ट्रात याच तारखेस, सहा वर्षांनी, पनवेल येथे केशव सीताराम ठाकरे ऊर्फ प्रबोधनकार (१८८५–१९७३) जन्मले. या दोघांचा सांधा केवळ तारखेचा असला, तरी तो नजरेस भरणारा आहे. दोघेही पुरोहितशाही, जातिभेद व रूढींचे कडवे टीकाकार होते. दोघांनीही आपापल्या भाषेत पत्रे काढून बोचऱ्या, लोकांच्या तोंडच्या शैलीत लेखन केले. पेरियार १९२४ च्या वैकोम सत्याग्रहात अग्रभागी होते, तर ठाकऱ्यांनी १९२१ मध्ये ‘प्रबोधन’ हे पाक्षिक सुरू करून हुंडा, बालविवाह यांवर प्रहार केले. प्रबोधनकारांनी उतारवयात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हिरिरीने भाग घेतला. मराठवाडा मुंबई, विदर्भ यांसह एका राज्यात यावा ही त्या चळवळीची मागणी असल्याने, सतरा सप्टेंबरचा दिवस व त्या दिवशी जन्मलेला हा पुरुष यांत एक दूरचा दुवा सापडतो. दोघांचेही देहावसान १९७३ च्या अखेरीस, एका महिन्याच्या अंतराने झाले : प्रबोधनकारांचे २० नोव्हेंबरला आणि पेरियारांचे २४ डिसेंबरला.

चित्रकार मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांचा जन्म पंढरपूर येथे झाला. १७ सप्टेंबर ही त्यांची सर्वत्र दिली जाणारी जन्मतारीख आहे. मुंबईत चित्रपटांचे फलक रंगविण्यापासून त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या अखेरच्या वर्षांत चित्रांवरून वाद उद्‌भवले व २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. ते लंडन येथे मरण पावले. ‘अमर चित्रकथा’ या मालिकेचे जनक अनंत पै (१९२९–२०११) आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी (ज. १९५०) यांचाही जन्म या तारखेचा. कवी वसंत बापट (१९२२–२००२) या दिवशी निधन पावले. ‘बिजली’, ‘सेतू’ हे त्यांचे काव्यसंग्रह प्रसिद्ध असून १९९९ मध्ये मुंबईस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

भारताबाहेरील घटनांपैकी अमेरिकेच्या संविधानावर फिलाडेल्फियात झालेल्या सह्या (१७८७), सोव्हिएट सैन्याचा पूर्व पोलंडमधील प्रवेश (१९३९) व ईजिप्त-इझ्राएल यांच्यातील कँप डेव्हिड करार (१९७८) या ठळक होत. रशियन अंतरिक्षशास्त्रज्ञ त्स्यलकोव्हस्की यांची जन्मतारीख जुन्या, जूल्यियन गणनेने ५ सप्टेंबर १८५७ येते. तीच ग्रेगरियन गणनेने १७ होते. हैदराबादशी खरा संबंध आहे तो मात्र १९४८ च्या दुसऱ्या एका घटनेचा. संस्थानाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे केलेली तक्रार १६ सप्टेंबर रोजी पॅरिस येथील बैठकीत विषयपत्रिकेवर घेण्यात आली. दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली, आणि त्याच दिवशी पॅलेस्टाइनमधील संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बेर्नादोत यांची जेरूसलेममध्ये हत्या झाली. निजामाने पुढील काही दिवसांत तक्रार मागे घेण्याविषयी कळविले. परिषदेचे लक्ष तोवर पॅलेस्टाइनकडे वळले होते.

या दिवसाला धार्मिक अंगही आहे. उत्तर व पूर्व भारतात सूर्याच्या कन्या राशीतील प्रवेशाला विश्वकर्मा पूजा असते आणि सौर गणनेमुळे ती बहुधा १७ सप्टेंबरलाच येते. कारखान्यांत यंत्रे, हत्यारे पुसून त्यांची पूजा करतात. महाराष्ट्रात हत्यारांची पूजा खंडेनवमी-दसऱ्यास होते, आणि येथील सुतार इ. कारागीर विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीस पाळतात. या दोन्ही तिथी चांद्र असल्याने इंग्रजी तारखेशी त्यांचा मेळ बसत नाही. कारागिरांसाठीची केंद्र शासनाची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, ती याच पूजेचा दिवस साधून. परप्रांतीय कामगारांबरोबर ही पूजा महाराष्ट्राच्या औद्योगिक वसाहतींतही आली. वाळूज परिसरात अशी मोठी वसाहत १९८० नंतरच्या दशकात उभी राहिली. तेथील बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. ज्या रस्त्याने पूर्वी निजामाच्या हद्दीबाहेर पडावे लागे, त्याच नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंस आज कारखान्यांच्या रांगा आहेत.